तो अडखळला तर

दि. ९ ऑगस्ट

बरेच महिने या वहीत काही लिहिलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. आज लिहिते आहे ते मृत्युपत्र. सोमवारी माझं ऑपरेशन आहे आणि "घरच्यांशी बोलून घ्या," असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. घरी फक्त आई आहे. तिच्याशी काय बोलणार?

मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, धंदा चष्म्याचं दुकान, पूर्ण शुद्धीत आहे. दडपण कुणाचं नाही. शहाणी आहे की नाही, याची मात्र हल्ली खात्री देता येत नाही.

पहिलं, दुकान. काचा घासायचं मशीन, भिंगांची पेटी आणि अक्षरांचे दोन्ही तक्ते काउंटर सांभाळणाऱ्या बाईंना द्यावेत. तक्ते दोन, कारण बाकावर बसल्या बसल्या लोक एक पाठ करून टाकतात. गिऱ्हाईक कितीही अडलं तरी अक्षर सुचवायचं नाही, हे मी बाईंना शिकवलं. आईला शिकवायचं राहिलं.

दुसरं, आईची ठेव. ती उरलेली नाही, त्यामुळे वाटणीचा प्रश्न नाही. घरावरून माझ्याशी भांडून गेलेल्या माझ्या भावाचा बारा वर्षांत पत्ता नाही. गेल्या हिवाळ्यात त्याच्या आवाजात आईला फोन आला. असे फोन येतात हे वाचून मी तिला एक प्रश्न ठरवून दिला होता: आपण कासवाला काय हाक मारायचो? उत्तर आलं नाही तर फोन ठेवायचा.

"विचारलंस का?"

"विचारलं ना. तो अडखळला."

"मग?"

"मग मीच सांगितलं. लहानपणापासून अडखळतोच गं तो. म्हणून तर तोच वाटला."

त्यानंतर तिने त्याला ओटीपी वाचून दाखवला, चष्मा लावून. चष्मा मीच केलेला. तक्रार घेणारे साहेब म्हणाले, भावाने कधीकाळी गाण्याचे व्हिडिओ टाकले असतील, हुबेहूब नक्कल करायला मशीनला तेवढा आवाज पुरतो.

तिसरं, मामा. "एवढी शिकलीस, पण एक म्हातारी सांभाळता आली नाही," असं ते चार पाहुण्यांसमोर बोलले. त्यांना माझं मोठं भिंग द्यावं. बक्षीस लागल्याचे मेसेज सगळ्या नातेवाइकांना पाठवण्याआधी त्यांनी ते एकदा त्यातून वाचावेत.

चौथं, माझी मेलची आणि फोटोंची खाती बंद करावीत. मी गेल्यावर माझ्या आवाजात कुणी पैसे मागितले तर फोन ठेवून द्यावा. मेलेल्याला उसनवारी लागत नाही.

पाचवं, आईचा फोन. तो तेव्हापासून माझ्या कपाटात बंद आहे. माझ्यामागेही तिला देऊ नये. ती रोज विचारते, "आला का गं त्याचा?" मी नाही म्हणते.

सहावं, घर. आई असेतो आईचं, तिच्यामागे भावाचं. मात्र त्याने समक्ष येऊन कासवाचं नाव सांगावं. कुणी सुचवू नये.

हे लिहिलं आणि पेन पुढे सरकेना.

गेल्या महिन्यात दुकानात फोन आला. नंबर दिसत नव्हता. "ताई, मी. आईचा फोन लागत नाहीये." मी तोच प्रश्न विचारला. पलीकडचा आवाज अडखळला. मग, "आ... आठवत नाही गं." मी फोन ठेवला. ठरल्याप्रमाणे ठेवला, आणि त्या दिवशी स्वतःवर खूश होते. दुकानाचं शटर ओढताना ध्यानात आलं, चोराला ते नाव आईने केव्हाच सांगितलं होतं. त्याला अडखळायचं काही कारण नव्हतं.

दुसरा चोर असेल, असं मी स्वतःला समजावते. चोरांना काय तोटा आहे. पण तो फोन पुन्हा आला नाही, आणि येईल असं वाटत नाही.

सहाव्या कलमातली अट खोडते आहे. त्याने नुसतं यावं. पाचवं कलमही खोडलं.

ठिकाण: दुकानाची मागची खोली.
सही: लिहिणारी
साक्षीदार: काउंटरवरच्या बाई. दुसरे, समोरचे शिंपी. "खोडाखोड फार आहे हो," म्हणाले. तिथेही दोघांच्या सह्या घेतल्या.

उद्या: आईचा फोन चार्ज करून तिच्या उशाशी ठेवायचा.