चिमटा आखूड करताना

ता. ३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. दवाखान्यात दोघी नर्स रजेवर आहेत, त्यामुळे माझी धांदल चालली आहे. त्यात एक अपघात झाला. पण आधीच सांगते, मला खरचटण्यापलीकडे काही झालेलं नाही. उतारावर सायकल गटाराच्या कठड्यावर आदळली. चाक वाचलं, पण त्याला धरणारा पुढचा चिमटा मागे वाकला. दुकानदार म्हणाला, ताई, फ्रेम जुनी आहे, हिच्या नळीत आजचा चिमटा बसत नाही, भंगारात घाला. लग्नाआधीपासूनची सायकल, मला तसं करवत नाही. तुमच्या ओळखीत कुठे जुना चिमटा मिळेल का?

तोवर पायी जाते. घरी आल्यावर बोलायला कुणी नसतं, म्हणून भांड्यांशी बोलते. हसू नका. मिठाचं पथ्य पाळता ना? आणखी एक सांगायचं होतं, पण कागद संपला.

लोभ आहेच, पत्र मात्र लवकर यावं.
तुमची सून

ता. ११ फेब्रुवारी

चि. सूनबाईस, अनेक आशीर्वाद.

तुला लागलं नाही हे वाचून जीव भांड्यात पडला. तू भांड्यांशी बोलतेस, मी रेडिओशी भांडतो. तेव्हा हसायचं कुणी?

जुना बाजार पालथा घातला, चिमटा मिळाला नाही. मग घरातच पाहिलं. आपल्या पोराची सायकल तुझ्याच कंपनीची. चिमट्याची दांडी तुझ्या नळीत बसेल तेवढ्याच जाडीची. पण सायकल मोठ्या चाकाची. चिमटा तसाच बसवला तर तुझी सायकल पुढून नाक वर करेल, हळू चालवताना हँडल आपसूक एका बाजूला कलंडेल, नि ब्रेकची रबरं रिमला पोचायचीच नाहीत. म्हणजे दांडी वरून कापून नवे आटे पाडायचे, पाय खालून कापून टोकं पितळेच्या डाखाने पुन्हा जोडायची, वाकही थोडा कमी करायचा. फिटर म्हणून जन्मभर हेच केलं. वाकलेला चिमटा पार्सलने पाठव, लांबी त्यावरून घेईन.

तो गेल्यापासून तीन वर्षं ती सायकल खोलीत भिंतीला टेकून आहे. दर रविवारी तिच्यात हवा भरतो. का, ते विचारू नकोस. काल चिमटा उतरवला. पुढे हात गेला नाही.

राहिलेली गोष्ट लिही. या वेळी कागद मोठा घे.

तब्येतीला जप.
बाबा

ता. १९ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

माझा चिमटा पाठवला आहे, पण ह्यांचा कापू नका. तुम्ही हवा भरता हे मला ठाऊक नव्हतं.

राहिलेली गोष्ट अशी. आमच्याकडे औषधं देणारे एक गृहस्थ आहेत. एकटेच असतात. मी पायी जायला लागल्यापासून चौकापर्यंत बरोबर चालतात, कारण त्यांना सायकल येतच नाही. त्यात गेल्या आठवड्यात त्यांनी लग्नाचंच विचारलं. मी उत्तर दिलेलं नाही. मला आईवडील नाहीत. शिकायला तुम्ही पाठवलंत, इथवर सोडायलाही तुम्हीच आलात. 'हो' म्हटलं तर मी तुमची कोण राहीन? तुम्ही नको म्हणालात तर विषय इथेच संपला.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची सून

ता. २७ फेब्रुवारी

चि. सौ. कां. लेकीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, चिमटा पिशवीत घातला नि थेट जुन्या कारखान्यात गेलो. पहिला पाय कापताना समोरचं धूसर झालं. चष्म्याला दोष दिला. दुसरा सरळ कापला. डाख छान धरला आहे. दोरा लावून दोन्ही पाय एका रेषेत आणले. रंग दिलेला नाही, तुझ्या आवडीचा दे.

त्यांना हो म्हण. मला वाईट वाटतंय का? वाटतंय, खोटं कशाला लिहू? पोस्टमनच्या घंटेकडे कान लावून बसतो, आता ती कमी वाजणार हेही कळतं. पण भांड्यांशी बोलत तू म्हातारी व्हावंस, असं मला कधीच वाटलं नाही. जावयाला सायकल येत नाही, हा मात्र घराण्याला डाग! शिकव त्याला.

लग्नाला मी येणार नाही. तिथे मी माझ्या पोरालाच शोधत राहीन, नि ते कुणाच्याच सुखाचं नाही.

सुखात राहा, एवढंच मागणं.
बाबा

ता. ८ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

चिमटा बसला. निळा रंग दिला. उतारावर ब्रेकही नीट लागतो. पण चाक जरासं डावीकडे ओढतं, नि इथल्या दुकानदाराला काही जमत नाही. तुम्हालाच यावं लागेल. लग्न वीस तारखेला आहे. त्याच्या आत या.

वाट बघते.
तुमची लेक

ता. १३ मार्च

चि. सौ. कां. लेकीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

चाक डावीकडे ओढत नाही. दोन्ही पायांत केसाचाही फरक नाही, मी स्वतः पाहिलं आहे. तरी शनिवारच्या गाडीने येतो. पाने-पकड बरोबर आणतो, म्हणजे जावयासमोर तुझं खोटं उघडं पडायला नको. लग्न होईपर्यंत राहीन.

एकच सांगून ठेव. मागच्या वेळी तुझ्या लग्नात मी मुलाकडचा होतो. मुलीच्या बापाने कुठे उभं राहायचं असतं, ते मला माहीत नाही.

बाबा