सहा मेंढ्यांच्या टायरांना लावलेले सील

दिनांक २८ ऑक्टोबर
मु. सारी-काया

प्रति,
मा. जिल्हा वाहन व मालमत्ता अधिकारी,
उच-बेल जिल्हा कार्यालय.

विषय : सारी-काया गावच्या सरकारी ट्रकच्या टायरांचे सील तुटल्याचा दंड रद्द करून ट्रकला कोळशासाठी जाऊ देणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची दंडाची नोटीस. (क्रमांक शिक्क्याखाली गेल्याने वाचता येत नाही, क्षमस्व.)

महोदय,

मी खाली सही करणारा तोलोगोन एसेनकुलोव सारी-काया गावच्या सरकारी ट्रकवर चालक म्हणून नोकरीस आहे. ट्रक एकच असल्याने थंडीत कोळसा, शरदात गवत आणि उन्हाळ्यात कुरणावर जाणाऱ्यांचे तंबू, भांडी व म्हातारी माणसे यांची ने-आण, ही सर्व कामे त्यावरच होतात. नोटिशीत माझा उल्लेख 'सील तोडणारा इसम' असा झाला आहे. सील तुटले हे खरे आहे. ते का तुटले हे सांगण्यासाठी हा अर्ज करीत आहे.

मागील वसंतात ट्रकचे सहाही टायर झिजून इतके गुळगुळीत झाले होते की त्यात पाहून दाढी करावी. खिंडीचा उतार आला की मागे बसलेली मंडळी आपण होऊन खाली उतरत आणि ट्रकच्या मागून चालत येत. शाळेच्या मुख्याध्यापिका जिपारगुल एजे, म्हणजे आम्हा सर्वांच्या ताई, यांना मी एकदा बसून राहण्याची विनंती केली असता त्या म्हणाल्या, "तोलोगोनबाके, माझ्या बुटांना खाली नक्षी तरी आहे. तुम्ही व्हा पुढे." ही परिस्थिती मी आपल्या कार्यालयास लेखी कळविली. उत्तर वेळेत आले, त्याबद्दल आभारी आहे. त्यात असे होते की टायरचा मंजूर दर प्रति नग चार हजार सोम असून त्या दराची तीन दुकानांची दरपत्रके आणल्यास खरेदीस हरकत नाही.

त्याप्रमाणे मी नारिनच्या बाजारात गेलो. टायरचा भाव अठरा हजार सोम. पहिल्या दुकानदाराला मी मंजूर दर सांगितला तेव्हा त्याने आपल्या भावाला हाक मारून तो दर पुन्हा सांगायला लावला. दुसऱ्याने मला बसवून चहा पाजला, गावाकडे सगळे बरे आहे ना असे विचारले आणि टायरचा विषय काढलाच नाही. तिसरा मकसूत नावाचा सज्जन गृहस्थ होता. तो म्हणाला, "चार हजारात टायर नाही बसत, बाके. टायरशेजारी उभं करून तुमचा फोटो काढून देतो, तो लावा अर्जाला." तो फोटो मी काढून घेतला नाही. दरपत्रक मात्र एकाही दुकानातून मिळाले नाही.

परत आल्यावर गावप्रमुख बेयशेन यांच्या अंगणात बैठक झाली.  एका टायरला एक चांगला मेंढा आणि वर थोडे रोख, असा हिशेब निघाला. पाच घरांनी एकमेकांची तोंडे पाहून हो म्हटले, सहावे पुढे येईना. तेव्हा काल्बू अपा उठल्या. या विधवा असून नवऱ्याच्या वर्षश्राद्धाच्या जेवणासाठी त्यांनी एक मेंढा राखला होता. त्या म्हणाल्या, "माझा म्हातारा थंडीला वैतागून गेला. त्याच्या नावानं गावात कोळसा आला तर त्याला बरंच वाटेल. घेऊन जा."  सहाही मेंढे मी त्याच गुळगुळीत टायरांवरून अत्यंत सावकाश बाजारात नेले आणि येताना नव्या टायरांवर आलो. खिंडीतल्या वळणावर मी गाणे म्हटले, हे ड्यूटीवर असताना घडल्याने नमूद करतो.

गावात प्रत्येक घरचे लोक आपापला टायर पाहायला आले. दोओलोत यांचा टायर मागच्या जोडचाकात आतल्या बाजूला गेल्याने तो रस्त्यावरून दिसत नाही, अशी त्यांची तक्रार होती. मी तो बाहेर घेतला. मग बाहेरचा ज्यांचा आत गेला त्यांची तक्रार आली. अखेर दर महिन्याला अदलाबदल करण्याचे ठरले. याने टायरची झीज सारखी होते, तेव्हा हे शासनाच्या हिताचेच आहे.

या महिन्याच्या सुरुवातीस आपल्या कार्यालयाचे निरीक्षक रिस्बेक साहेब मालमत्ता तपासणीसाठी आले. वयाने तरुण, बोलण्यात अत्यंत नम्र. ट्रक नोंदवहीत आहे पण टायर नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी सांगितले की सरकारी ट्रकला खासगी टायर चालत नाहीत. जुने टायर परत बसवावेत असे ते म्हणाले, पण ते एव्हाना शाळेच्या मैदानाभोवती अर्धे पुरून झाले होते आणि त्यांवर पोरे बसलेली होती. मग नवे टायर देणगी म्हणून नोंदवावेत असा मार्ग त्यांनीच काढला. परंतु देणगीचे मूल्य मंजूर दरानेच, म्हणजे चार हजारच धरावे लागते. तसे धरले की उरलेले चौदा हजार कुठून आले याचा खुलासा प्रत्येक घराकडून मागावा लागतो. आणि मेंढे विकून आले असा खुलासा दिला की मेंढ्यांच्या लसीकरणाचे दाखले लागतात. मेंढे त्या वेळेपर्यंत विकले जाऊन बहुधा खाल्लेही गेले होते. रिस्बेक साहेबांनी बराच विचार केला, खेद व्यक्त केला आणि निर्णय होईपर्यंत ट्रक हलू नये म्हणून सहाही टायरांना कागदी सील चिकटवले. आतल्या टायरांसाठी ते स्वतः ट्रकखाली शिरले. त्यांचा कोट खराब झाला, तो काल्बू अपांनी झटकून दिला.

त्याच दिवशी दुपारनंतर खिंडीत बर्फ पडले आणि साहेबांची छोटी गाडी परतीच्या वाटेवर अडकली. त्यांचा गावप्रमुखांना फोन आला. आम्ही आधी दोन घोडे पाठविले. घोड्यांनी गाडी ओढण्याऐवजी साहेबांच्या हातची बिस्किटे खाल्ली. पुन्हा फोन आला तेव्हा मी शेजारी उभा होतो, म्हणून बोलणे जसेच्या तसे देत आहे. बेयशेन म्हणाले की ट्रक आहे, पण त्याला सील आहे.  मग साहेब म्हणाले, "सील कागदाचंच आहे ना?"

"कागदाचंच."

"मग जरा सावकाश चालवा."

मी सावकाशच चालविला. काल्बू अपा माझ्याशेजारी बसून आल्या. गारठ्यात येऊ नका म्हटले तर म्हणाल्या, "टायर माझा आहे. माझ्या माघारी तो कुठे जातो ते मला बघायचंय." कागद आणि बर्फ यांचे जमत नसल्याने पहिल्या वळणापाशीच सील सुटले. आम्ही पोहोचलो तेव्हा साहेबांचे ओठ निळे पडले होते आणि बोटांनी दोराची गाठ बसत नव्हती. अपांनी त्यांना आपल्या शालीत घेतले. नव्या टायरांनी गाडी पहिल्याच ओढीत बाहेर काढली. जुने टायर असते तर आम्ही सगळेच दरीत गेलो असतो, हे मी चालक म्हणून जबाबदारीने लिहितो. साहेबांनी अपांच्या घरी गरम शेवयांचे दोन वाडगे घेतले. अपांनी त्यांना आई कुठली, लग्न का झाले नाही, एवढेच विचारले. टायरांविषयी कोणीच बोलले नाही.

त्यानंतर दंडाची नोटीस आली. माझा महिन्याचा निम्मा पगार त्यात जातो. मी रागावलो होतो, ते लपवीत नाही. परंतु नोटिशीच्या आधी साहेबांचा फोन आला होता. ते म्हणाले, "बाके, सील तुटलंय हे मला लिहावंच लागलं. पण ते का तुटलं यासाठी फॉर्मात रकानाच नाही." तेव्हा कृपया हा अर्ज तो रकाना समजावा.

आता मुख्य मुद्दा. शाळेतला कोळसा संपत आला आहे. जिपारगुल एजे दोन वर्गांना एकाच शेगडीभोवती बसवून शिकवतात. खिंड फार दिवस उघडी राहणार नाही. टायर ट्रकखाली असून सील नाही, आणि सील तुटल्याच्या नोटिशीमुळे ट्रक जागेवर उभा आहे.

आणखी एक बाब लपविणे योग्य होणार नाही. सहा घरांची सहा मेंढ्यांवरच दमछाक झाल्याने आम्ही स्टेपनी घेतलीच नव्हती. गेल्या रविवारी रिस्बेक साहेब सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या गाडीने, मागच्या सीटवर एक नवा टायर आडवा टाकून आले. मकसूतकडून घेतला, पूर्ण भावाने, असे ते म्हणाले. मी त्यांना विचारले की हे अर्जात लिहू का. त्यावर त्यांनी स्टेपनी जागेवर नीट बसली का ते वाकून पाहिले आणि म्हणाले, "लिहा. आता मीही टायरवाला आहे."

तरी विनंती की सातही टायर आहेत तसे मान्य करावेत, ते शक्य नसल्यास निदान खिंड बंद होईपर्यंत आपल्या दृष्टीस पडू नयेत. ट्रक गुरुवारी सकाळी खाणीकडे निघेल. त्याआधी परवानगी आली तर ती मी बरोबर नेईन. उशिरा आली तर बेयशेन ती सांभाळून ठेवतील आणि कोळसा उतरवून झाल्यावर मी वाचीन.

आपल्या आज्ञेत राहण्याची मनापासून इच्छा असलेला,

तोलोगोन एसेनकुलोव
चालक, सारी-काया

सोबत : दंडाच्या नोटिशीची प्रत, टायरांच्या पावत्या आणि सात टायरमालकांच्या सह्यांचा कागद.