चुन्याखालची भेग

विंझर, शनिवार, संध्याकाळ

पहारीचा जुना ठणठणाट आज सारखा कानात घुमतोय. मी चौथीत असताना आमची विहीर खणली. वर्गात कविता म्हणताना आमचा ठेका नेमका त्या घावांवर पडायचा. आता विहीर कोरडी आहे आणि तिच्याच खालून बोगदा चाललाय.

बोगद्याच्या कामावरच्या मोजणीच्या मॅडम म्हणाल्या होत्या, "आजोबा, खड्ड्याखाली दुसरा खड्डा. मधला थर पातळ, म्हणून आसपासची जमीन बसते." विहिरीच्या काठावर त्यांनी खिळा ठोकला, त्याची उंची मोजतात. मागच्या खोलीतल्या भेगेवर आडवी काचपट्टी चिकटवली. काच तडकली की समजायचं, भिंत हलली.

आणि आम्ही? दसऱ्याची साफसफाई. काल सूनबाईनं पट्टी खरवडून काढली, मी भेगेत चुना भरला. भिंत छान दिसली. काच तेव्हा शाबूत होती का, हे दोघांनीही पाहिलं नाही.

"आता मी झोपू कुठं?" मघाशी मी सूनबाईला विचारलं.

"चुना फुटलाय का, आबा? न्हाई ना? मग झोपा की तिथंच."

कालचा ओला चुना काय सांगणार? मॅडम येणार सोमवारी. खाट त्याच भिंतीला. तोवर दोन रात्री...

एवढं लिहिलं आणि कडी वाजली. मॅडमच, चिखलाच्या बुटांनिशी. भिंतीकडं त्यांनी पाहिलंच नाही.

"खिळा खाली गेलाय, आजोबा. मागची खोली आत्ताच रिकामी करा."

सूनबाई माझी गादी गुंडाळायला लागली.