माझ्या बाहुल्यांची आणि माझ्या भीतीची निरवानिरव

मी, सौ. सुमेधा गुरुदत्त शाळिग्राम, वय वर्षे एक्केचाळीस, व्यवसाय घरकाम व शिवणकाम, राहणार चिंचवड, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. मी घाबरलेली आहे हे त्यांनी लिहिले नाही, ते मी लिहिते. उद्या पुण्यात माझ्या छातीतली गाठ काढायची आहे. माझी आई अशाच गाठीने गेली. तिने ती कोणाला दाखवलीच नव्हती.

१. सोसायटीतला आमचा ब्लॉक आम्हा उभयतांच्या नावावर आहे. माझा अर्धा हिस्सा माझे पती श्री. गुरुदत्त यांना मिळावा. तो विकून त्यांनी भावाच्या दारी राहायला जाऊ नये. सेकंड शिफ्टहून आल्यावर ते गारच जेवतात. कोणी वाढणारे असावे म्हणून त्यांनी पुन्हा लग्न केल्यास माझी हरकत नाही. हे वाक्य लिहायला मला फार वेळ लागला.

२. शिवणयंत्र व कात्र्या शेजारच्या पद्माला द्याव्यात. ती माझ्याकडेच शिवण शिकली. तिला अजून काखेचा जोड नीट जमत नाही, पण जमेल.

३. माझ्या सर्व बाहुल्या, पडदा व रंगाच्या डब्यांसह, पुतणी इंद्रायणी हिला. याचे कारण सांगणे भाग आहे.

लग्नानंतर १९६३ साली मी इथे आले तेव्हा खोलीपुढे नुसता माळ होता. कारखान्याचा भोंगा झाला की मी दाराला कडी लावून घ्यायची. दूधवाल्याशीही मी दाराआडून बोलत असे. हे कामावर गेले की सोबत म्हणून मी यांच्या जुन्या खाकी कपड्यांतून हातात घालायचा एक शिपाई शिवला आणि त्याच्याशी बोलू लागले. मग शिपायाला राजा हवा झाला, राजाला राक्षस. आम्हाला मूल झाले नाही. माझे दीर मुकुंद राजगुरुनगरला शिक्षक आहेत. त्यांची तिन्ही मुले दर मे महिन्यात आमच्याकडे येऊ लागली. महिनाभर आम्ही बाहुल्या करायचो, आणि सुट्टीच्या शेवटी गच्चीवर लुगड्याचा पडदा बांधून खेळ व्हायचा. राक्षस नेहमी मीच. पडद्याआड ओरडता ओरडता माझा आवाज मोकळा झाला. पुढे नळाला पाणी येईना, तेव्हा सोसायटीच्या सभेत उभी राहून मी सेक्रेटरींना जाब विचारला. घरी आल्यावर हे म्हणाले, "आज राक्षस पडद्याबाहेर आला होता."

या वर्षी मुले यायच्या आदल्या दिवशी आंघोळ करताना गाठ हाताला लागली. मी कोणाला बोलले नाही. सुट्टी तेवढी पार पडू दे म्हटले. मुलांना आमरस वाढला, बाहुल्यांना नवे डोळे लावले, आणि दिवसातून कितीदा तरी न्हाणीत जाऊन गाठ चाचपली. खेळाच्या संध्याकाळी राक्षस वर धरला आणि पुढचा शब्दच सुचेना. समोर सोसायटीतली सगळी पोरे टक लावून बसलेली. तोंड उघडले तर "आई" एवढेच बाहेर पडेल असे वाटले. इंद्रायणीने माझ्या हातातला राक्षस काढून घेतला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "थांबा रे, मी अजून जेवलो नाही." पोरे हसली. तिने खेळ पुरा केला.

४. माझ्या पाटल्या माझी धाकटी जाऊ, इंद्रायणीची आई, सौ. नीला हिला. पाहुण्यांदेखत ती एकदा म्हणाली होती, "जाऊबाई, चिंध्या किती नाचवाल? घरात पोर नाचायला हवं." हे मी विसरलेले नाही, आणि इथे लिहिते आहे त्या अर्थी विसरायचा बेतही नाही. खेळाच्या त्या संध्याकाळी, मुलांना न्यायला आलेली तीच पाणी घेऊन पडद्याआड आली. मी काखेत हात दाबून बसले होते.

"काय होतंय?"

"काही नाही. उकडतंय."

"हात काढा. बघू द्या मला."

तिने चाचपले आणि तिचा चेहरा उतरला. "कधीपासून?"

"मुलं यायच्या आधीपासून."

"आणि आम्हाला आमरस वाढत बसलात? उद्या पुण्याला जायचं."

"नीला, मला भीती वाटते. आई..."

"मलाही वाटतेय. म्हणून तर उद्याच जायचं."

मुलांना घेऊन भावोजी परत गेले, ती राहिली. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला की नाही ते उघडल्यावर कळेल, आणि उजवा हात पूर्वीसारखा वर जाईलच असे नाही. मरणाचे ऐकून डोळे कोरडेच राहिले. हाताचे ऐकून रडू आले. नीलाने दवाखान्यातल्या बाकावरच्या सगळ्यांसमोर माझे नाक पुसले.

पाटल्या दिल्या म्हणजे ते वाक्य माफ केले असे तिने समजू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. यांच्याने ते होणार नाही.

५. मी गेल्यास मुलांना मला दाखवू नये. पुढच्या मे महिन्यात त्यांना नेहमीसारखे बोलवावे. भिंतीवर माझा हार घातलेला फोटो लावू नये, धाकटा त्या खोलीत झोपणार नाही.

मला भुलीची भीती वाटते. जाग येणार नाही याची वाटते, आणि आलीच तर स्वतःच्या अंगाकडे बघण्याचीही. लिहून काढल्यावर ती कमी होईल असे वाटले होते. झाली नाही. हे मघापासून गॅलरीत पाठमोरे उभे आहेत, एकदाही आत आलेले नाहीत.

६. वकिलांनी सांगितले की हयात असेतो मृत्युपत्र केव्हाही रद्द करता येते. तो हक्क मी राखून ठेवते. तो मला वापरायचा आहे.

ठिकाण : चिंचवड
दिनांक : ७ जून १९७९

सही : सौ. सुमेधा गुरुदत्त शाळिग्राम

आम्हा दोघांसमक्ष बाईंनी वाचून सही केली, व त्यांच्यासमक्ष आम्ही सह्या केल्या :
१. मारुतराव काळोखे, शेजारी
२. कुसुमताई बेंद्रे, शेजारी