ध्रुवयानातली सुमेधा

वरळी,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. राधाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. अक्षर मोठं काढ म्हणून बजावलंयस, तेव्हा तुझ्या भाचेसुनेने, ऋताने, जाड पेन आणून दिलंय. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचं वाचलं की तुझं डोकं चढतं, त्यामुळे या घरात अजून पोस्टाची तिकिटं विकत घेतली जातात. शाळेतली पोरं त्यावरून मला हसतात.

आपल्या बीडीडी चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आम्ही आता रुळलो. एकविसाव्या मजल्यावर वारा भरपूर आहे, पण दारं सगळी बंद. साखर मागायची तरी बेल वाजवावी लागते. तुझी शेजारीण चंपाकाकी आणि तिची सुमेधा आमच्याच बिल्डिंगमध्ये, अठराव्या मजल्यावर आहेत. काकी थकली. सुमेधा घरीच ब्लाउज शिवते. लिफ्टमध्ये मात्र ती पाय ठेवत नाही. भाजीची पिशवी घेऊन जिना चढते, मधे पायरीवर बसते. समोर व्यायाम म्हणून कौतुक करतात, पाठीमागे डोक्याजवळ बोट फिरवतात.

आता मुख्य बातमी. ‘ध्रुवयान’ला तीस वर्षं झाली. रविवारी सकाळी तुझ्या खोलीत टीव्हीसमोर सगळ्या मजल्याची पोरं, आणि तू उंबऱ्यात बसून चपला बाहेर काढायला लावायचीस. आपल्या चाळीतली सुमेधा अंतराळयानात फिरतेय, यावर पहिले काही रविवार माझा विश्वासच बसला नव्हता. त्या मालिकेपायी मी सायन्सचा मास्तर झालो. कल्पेश आणि बाकीची मित्रमंडळीही मला तिच्यापायीच मिळाली. डिसेंबरात दादरला हॉल घेऊन आम्ही सगळे चाहते जमणार आहोत. पडद्यावर तो प्रसंग दाखवणार : यानाच्या एका खोलीत धूर भरतो, छोटी इरा आत अडकते, काचेवर हात मारत रडते, आणि बाहेर कप्तानाला दार उघडता येत नाही. बारा वर्षांचा असताना मी त्यावर दोन दिवस जेवलो नव्हतो, आठवतं? अजून दर वर्षी वर्गातल्या मुलांना दाखवतो. इरा झालेल्या सुमेधालाच प्रमुख पाहुणी म्हणून बोलवायचं ठरवलंय.

ऋताचा नमस्कार. गुडघ्याला तेल लाव, आणि या भाच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
हितेंद्र


देवगड,
२४ ऑक्टोबर २०२५

चि. हितेंद्र यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून बरं वाटलं. गुडघ्याचं म्हणशील तर तो माझ्याहून तरुण आहे, रोज कुरकुरतो. भात कापून झाला. मांजरीने पिल्लं घातली आहेत, ऋताला एक हवं का विचार.

पुठ्ठ्याचं हेल्मेट घालून तू माझ्या मोरीत अंतराळयान चालवायचास, ते बरं आठवतं. बादली फोडलीस तेही आठवतं. आता केस पिकायला लागले तरी तुझं खूळ जात नाही. असू दे. दारूपेक्षा बरं.

पण बाबा, सुमेधाला बोलावताना जपून. तिने ते काम फार तर दोन वर्षं केलं, मग एकाएकी सोडलं. त्यानंतर चंपा रविवारी माझ्या खोलीत यायची बंद झाली. टीव्हीचा आवाज कमी कर म्हणून मुद्दाम निरोप पाठवायची. मी एकदोनदा विचारलं, तर पोरीचा अभ्यास बुडतो म्हणाली. मला ते काही पटलं नव्हतं. सुमेधा नाही म्हणाली तर आग्रह धरू नकोस, एवढं म्हातारीचं ऐक.

चंपाला सांग, एकदा गावाला येऊन जा. दोघी ओटीवर बसू, ती बोलेल आणि मला ऐकू येणार नाही, म्हणजे भांडण व्हायचं नाही.

सुखी राहा.
राधाआत्या


वरळी,
२३ नोव्हेंबर २०२५

ती. राधाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. चंपाकाकी गेली. तार करायची सोय आता राहिली नाही, आणि सरपंचांच्या फोनवरून दुसऱ्या कुणी तुला ओरडून सांगावं असं मला वाटेना.

पंधरवड्यापूर्वी सकाळी तिला श्वास लागला. सुमेधाने ॲम्ब्युलन्स बोलावली. माणसांनी काकीला स्ट्रेचरवरून लिफ्टमध्ये घेतलं. काकीने हात पुढे केला होता, असं शेजारचे सांगतात. सुमेधा लिफ्टच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. मग वळून जिन्याने धावत सुटली. ती खाली पोचली तेव्हा ॲम्ब्युलन्स निघून गेली होती. त्यांचंही चुकलं नाही, म्हातारीचा जीव जात होता. टॅक्सी करून ती परळच्या हॉस्पिटलात गेली, पण तोवर सगळं संपलं होतं.

बिल्डिंगमध्ये जो तो म्हणत होता, मरत्या आईबरोबर लिफ्टमध्येसुद्धा गेली नाही. खोटं कशाला लिहू, माझ्याही मनात तेच आलं.

तेराव्याला लोक पांगल्यावर मी आणि ऋता तिच्याकडे थांबलो. ती उंबऱ्यात बसली होती. कसेबसे दोन शब्द बोलायचे म्हणून मी दादरच्या कार्यक्रमाचं काढलं, तो प्रसंग दाखवणार आहोत असंही सांगितलं. मग सपाट आवाजात, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं तिने सांगितलं.

ते रडणं खरं होतं, आत्या. धूर थोडाच सोडणार असं तिला सांगितलं होतं. धूर वाढत गेला, तिला ठसका लागला. ती दार उघडायला गेली तर ते बाहेरून लावलेलं. ती ओरडायला लागली तेव्हा बाहेरून दिग्दर्शकाचा आवाज आला, की उघडू नका, असं पुन्हा मिळणार नाही. ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं. मग ती पडली. शुद्धीवर आली तेव्हा स्टुडिओच्या अंगणात खाटेवर होती. तेव्हापासून तिला बंद खोली चालत नाही. शाळेत दाराशी बसायची ती यासाठीच. लग्न मोडलं तेही त्यापायी. लोकांना खरं सांगायची लाज वाटायची म्हणाली, कारण जो तो त्याच प्रसंगाचं कौतुक करायचा.

कौतुक करणारा सगळ्यात मोठा मीच. किती वेळा पाहिलाय तो प्रसंग, कितीजणांना दाखवलाय. शेवटी ती एवढंच म्हणाली, की आई बाहेरच होती. हे तिने कधी आईजवळ काढलं नाही, आणि आता कुणाजवळ काढणार?

तू सांभाळून राहा.

तुझा,
हितेंद्र


देवगड,
२ डिसेंबर २०२५

चि. हितेंद्र यास,
अनेक आशीर्वाद.

चंपाची बातमी वाचून देवापाशी दिवा लावला आणि तिथेच बसून राहिले. चाळीत भिंतीला भिंत लावून आम्ही उभा जन्म काढला. माणूस एवढं जवळ असतं, आणि आपल्याला काही ठाऊक नसतं.

सुमेधाला माझ्याकडे पाठव. इथे दार लावायची कुणाला सवय नाही. पायऱ्या म्हणशील तर तीनच आहेत. शिलाई मशीन आहे, गावातल्या बायका ब्लाउजपायी पार लांबच्या बाजारात जातात. महिना राहा, वर्ष राहा म्हणावं. दया म्हणून बोलावते असं तिला वाटू देऊ नकोस. मला एकटीला विहिरीचं पाणी जड जातं, असं सांग. ते खोटंही नाही.

तू स्वतःला खात बसू नकोस. बारा वर्षांच्या पोराने काय ओळखायचं होतं? पण आता कळलंय, तर आता नीट वाग.

राधाआत्या


वरळी,
४ जानेवारी २०२६

ती. राधाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सुमेधा यायला तयार झाली. येत्या रविवारी, अकरा तारखेला, दिवसाच्या एसटीने निघेल, खिडकीपाशी बसेल. तिला स्टँडवर घ्यायला कुणाला तरी पाठव.

दादरचा कार्यक्रम झाला. मी मंडळींना म्हटलं, तो प्रसंग दाखवू नका. कारण मागितलं. सुमेधाने बाहेर कुणाला सांगू नकोस असं बजावलं होतं, म्हणून मला सांगता येईना. कल्पेश म्हणाला, लोक त्याच्यासाठीच नागपूर-नाशिकहून येतायत, तुझ्या लहरीपायी बंद करायचं का. त्यांनी दाखवला. मी हॉलच्या मागे उभा होतो. सुमेधा धुरात काचेवर हात मारत होती आणि लोक रुमाल काढत होते. संपल्यावर सगळे उभे राहिले, टाळ्या थांबेनात. मी बाहेर पडलो तो परत गेलो नाही. वीस वर्षांची मैत्री होती. ग्रुपवर माझ्याबद्दल काय लिहितात ते ऋता मला वाचू देत नाही.

आत्या, त्या प्रसंगात इरा कप्तानाकडे बघत नाही, सारखी डावीकडे बघते. काय अभिनय आहे, असं आम्ही वर्षानुवर्षं म्हणत आलो. सुमेधा म्हणते, तिथे डावीकडे चंपाकाकी उभी होती.

बॅग भरताना सुमेधाने मला एक विचारलं. तिने तो भाग कधीच पाहिलेला नाही. दार शेवटी कुणी उघडलं, ते त्यात दिसतं का, असं विचारत होती. मी घरी येऊन परत पाहिलं. दिसत नाही. ती पडते आणि लगेच कप्तानाचा चेहरा येतो. पुढच्या भागात इरा पृथ्वीवर परत गेली असं एका वाक्यात उरकलंय.

तिला खोटंच सांगावं का, की तुझी आई दिसते म्हणून? दोनदा अठराव्या मजल्यापर्यंत जाऊन परत आलो. तुला यातलं काही माहीत असेल तर कळव. माहीत नसेल तर नसू दे.

एक तुझ्याजवळच कबूल करतो. काल भांडी लावताना त्या मालिकेचं शीर्षकगीत मी गुणगुणत होतो. आवडणं काही थांबत नाही, आत्या. थांबावं असं वाटतं, पण नाही थांबत.

तुझा,
हितेंद्र


देवगड,
१ फेब्रुवारी २०२६

चि. हितेंद्र यास,
अनेक आशीर्वाद.

सुमेधा सुखरूप पोचली, हे तुला शेजारच्या धोंडूने फोनवर कळवलंच आहे. ओटीवर निजते. पहिले काही दिवस मुकाट होती, आता मांजरीच्या पिल्लांना ओरडते, म्हणजे बरी आहे. ती माझ्याशी पाटीवर लिहून बोलते. शुद्धलेखन तुझ्यापेक्षा चांगलं आहे.

तुझ्या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला. दार कुणी उघडलं हे मला माहीत नाही, आणि खोटं तू सांगायचं नाहीस. पण मला जे माहीत आहे, ते मी तिला सांगितलं.

सुमेधाने काम सोडलं त्या आठवड्यात चंपाचा हात सुजला होता. बोटं काळीनिळी, दोन नखं गेलेली. भाकरी थापता येईना म्हणून मी त्यांच्या घरी भाकऱ्या पाठवत होते. काय झालं विचारलं तर बोटं दारात सापडली म्हणाली. कुठल्या दारात, ते मी विचारलं नाही. नंतर मालिकेची माणसं गाडी घेऊन चाळीत आली, तर चंपाने त्यांना जिन्यातूनच परतवून लावलं. पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि चंपा काही तशी नव्हती. पोरीपाशी ती का बोलली नाही, देव जाणे. दाराकडे धावायला तिला उशीर झाला असेल. किती उशीर झाला ते तिलाच माहीत, आणि ते तोंडाने सांगणं तिला जमलं नसेल.

मी हे सांगत होते तेव्हा सुमेधा कोलंबी सोलत होती. तिने मान वर केली नाही. मला वाटलं, पोचलं नाही. सगळी कोलंबी सोलून झाली, टोप झाकला, हात धुतले. पाटी कोनाड्यात होती, ती घ्यायला उठली नाही. माझ्यासमोर बसली आणि आपले दोन्ही हात तिने पुढे केले. आधी एक थोडा वर उचलला, मग दुसरा, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

चंपाचा उजवा होता. मी तिच्या उजव्या हाताला हात लावला.

तो हात तिने मांडीवर घेतला, डाव्या हाताखाली धरला, आणि दिवेलागणीपर्यंत तशीच बसून होती.

ऋताला आशीर्वाद. तुझं अक्षर पुन्हा बारीक व्हायला लागलंय. लोभ आहेच, तुझाही असू दे.

राधाआत्या