पूल सोडून सगळं शिकवते

३ मार्च, सोमवार
घ्या! परवान्याच्या चाचणीचा रस्ता बदलला. आता पुलावरून जायचं. चार वर्षं मी शिकाऊ मंडळींना गाडीतून अख्खं शहर हिंडवलं — चढ, वळणं, गल्ल्याबोळ, रेल्वे फाटक — पूल सोडून. कोणी विचारलंच तर, 'तिथं शिकण्यासारखं काही नाही.' काय रुबाबात थाप मारते मी!

४ मार्च
वहीला तोंड नाही, म्हणून लिहिते. चार वर्षांपूर्वी पुलाच्या मधोमध छाती धडधडायला लागली, हात बधिर, श्वास पुरेना. वाटलं, संपलं! दवाखान्यात हृदय ठणठणीत निघालं — मेलं, अपमानच की! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'पॅनिक अटॅक. लाट आहे, चढते नि उतरते. पळू नका.'
मी पळाले. आधी पूल सुटला, मग सिनेमा, मग लिफ्ट. पलीकडची ताई पुलावरून दहा मिनिटांवर. वळसा घालून दीड तास, म्हणजे जाणं बंदच. भाचीच्या लग्नाला ताप आणला. थर्मामीटर सोडून सगळ्यांना पटला.
नवरा म्हणतो, 'त्या डॉक्टरीणबाईंकडे परत जा.' जाते.

८ मार्च
बाईंनी गृहपाठ दिलाय : रोज पुलावर थोडं पुढे चालायचं. आज अर्ध्यापर्यंत. धडधड सुरू. कठड्याला टेकून घड्याळ लावलं. सात मिनिटं! एवढंसंच आयुष्य होय या भुताचं? आणि मी त्याला चार वर्षं पोसलं!

१२ मार्च
आज शिंपीणबाईंना घेऊन पुलावर. वय साठ, क्लच शिलाई मशीनसारखा हाणतात. मधोमध पोचलो आणि गाडी कचकन थांबली. मागे हॉर्नचा कल्ला.
'बाई, काय चुकलं माझं?' बिचाऱ्या रडकुंडीला आल्या.
शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो. माझा पाय त्यावर, दगडासारखा. गप्प बसले असते तर खपून गेलं असतं. पण म्हटलं, 'तुमचं नाही. माझा पाय आहे. मला पुलाची भीती वाटते.'
त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. 'मग काढा की पाय! भीती तुमची ना? गाडी मी चालवतेय.'
काढला. नेलं त्यांनी पलीकडे. दुसऱ्या गिअरमध्येच, पण नेलं!

१३ मार्च
चार वर्षांची थाप एका वाक्यात संपली, आणि कोणी मेलं नाही.

१६ मार्च, रविवार
एकटी निघाले. लाट आली. म्हटलं, ये, बस मागच्या सीटवर, पट्टा लाव. उतरणीला ती गेली. ताईच्या दारात गाडी लावून तीनदा हॉर्न वाजवला.

१६ मार्च, घरी आल्यावर
ताईनं विचारलं, 'कुठून आलीस?' म्हटलं, 'पुलावरून.' सगळं सांगितलं. ती मटकन खुर्चीत बसली. 'वर्षभर मी कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पलीकडे गेले नाहीये. कोणाला बोलले नाही.'
मला कळलंच नव्हतं. कळणार कसं — मी आलेच कुठे होते!
माझी मनगटं धरून म्हणाली, 'मला शिकव गं. गाडी येते मला. पूल शिकव.'