गेटवर अडलेल्या काकड्या

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (आठही अंगं जागेवर आहेत, पण नमस्कार कागदावरच घालतोय, तेवढं समजून घ्यावं.) तुमची तब्येत कशी आहे? कंबर काय म्हणते? मामीचा खोकला गेला का? विहिरीवरच्या मोटरीचा आवाज बदलला होता, ती दुरुस्त केलीत, की अजून तिला कान लावून 'निघेल आणखी एक वर्ष' असंच म्हणताय? इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे माझं आहे. आईचंही असावं, पण तसं तिने मला सांगितलेलं नाही, कारण सोमवारपासून ती माझ्याशी बोलत नाही. भाजीत मीठ कमी आहे का, हे ती माझ्यासमोर बसून फ्रिजला विचारते, आणि फ्रिज घरघरला की 'बरं' म्हणून उठते. तुम्हीही फोन उचलत नाही. (अकरा वेळा केला. मळ्यात रेंज नसते, हे मी जाणतो.) म्हणून हे पत्र, तेही जेवणाच्या सुट्टीत, कंपनीच्या कागदावर.

आता मुद्द्यावर येतो. सोमवारी तुम्ही बेचाळीस क्रेट काकडी घेऊन आमच्या गेटवर आलात आणि एक्केचाळीस क्रेट घेऊन परत गेलात, हे मला नंतर कळलं. दुर्दैवाने त्या दिवशी मी नेमका रजेवर होतो. मी असतो तर काय झालं असतं, ते मी सांगत बसत नाही. तुम्हीच मनात आणावं. तुमचा राग उतरावा, आणि तुमचा उतरला की आईचाही उतरावा, एवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप आहे. ज्या माणसाने मला खांद्यावर बसवून विहिरीत पोहायला उतरवलं, त्याने माझ्यावर रुसून फोनही उचलू नये, हे मला सहन होत नाही. (रेंज नसेल, हे मी वर लिहिलंच आहे.)

एवढ्या मोठ्या काचेच्या इमारतीत काकडी नक्की कोण पिकवतं, असं तुम्ही गेटवर विचारलंत म्हणे. प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की कोणीच पिकवत नाही, पण तिच्यावर पोट मात्र तीनशे चाळीस जणांचं आहे. तुमच्याकडे पेरणारे तुम्ही, खुडणारी मामी आणि नावं ठेवणारेही तुम्हीच. आधुनिक शेती अशी चालत नाही. आमच्याकडे एकजण नुसते पानांचे फोटो बघतो. संगणकावर पान दिसलं की वेलीला काय झालंय ते तो अचूक सांगतो, फक्त वेल समोर आली तर ओळखू येत नाही. (मागे आमच्या दारातल्या प्लास्टिकच्या झाडाला पाणी कमी पडतंय असा अहवाल त्याने दिला होता. तो मंजूर झाला. आता त्याला रोज एक माणूस पाणी घालतो, त्याचंही वेगळं पद आहे.) एकजण शेतावर ड्रोन उडवतो, चिखलाची ॲलर्जी असल्याचं डॉक्टरचं पत्र त्याने नोकरीला लागतानाच जोडलं होतं. एका बाईंकडे हिरव्या रंगाच्या सोळा छटांचं कार्ड आहे, आणि काकडी नवव्या छटेची निघाली तर त्यांचा दिवस वाईट जातो. पाकिटावर 'पहाटेच्या दवात खुडलेली' असं लिहिणाऱ्या बाई वेगळ्या, त्या स्वतः साडेनऊला उठतात. शिवाय शेतकरी-स्नेह विभाग आहे, चार माणसांचा. शेतकऱ्यांशी स्नेह ठेवायचा, हे त्यांचं काम, आणि ते तो मेसेज पाठवून ठेवतात. सोमवारी एक खराखुरा शेतकरी गेटवर उभा आहे, असा निरोप गेल्याबरोबर चौघेही तातडीच्या मीटिंगला बसले.

राहता राहिलो मी. माझं पद तुम्ही लग्नाकार्यात चारचौघांना 'क्वालिटीतला मोठा साहेब' असं सांगता, त्याबद्दल मी ऋणी आहे. पण कागदोपत्री मी वक्रता अधिकारी. हसू नका, त्याला परीक्षा द्यावी लागते. काकडी सपाट टेबलावर ठेवायची आणि तिच्या पोटाखालून एक सेंटिमीटर जाडीची पट्टी सरकवून बघायची. अडली तर काकडी पास, आरपार गेली तर नापास. का, असं विचारायचं नाही. खोक्यात सरळ काकड्या जास्त बसतात, असं वरचे म्हणतात, आणि वरच्यांना ते खोकंवाले सांगतात. एकूण एका काकडीच्या मागे अकरा अधिकारी आहेत, मामा. रंग, लांबी, जाडी, वजन, वाक, साल, देठ, सगळ्यांची व्यवस्था आहे. चव मात्र कोणाकडेच नाही. त्याला कारण आहे. इमारतीच्या आत काही खायला सक्त मनाई आहे, स्वच्छतेसाठी. त्यामुळे गेली सहा वर्षं आम्ही रोज वीस टन काकडी पास करतो आणि ती लागते कशी, हे तीनशे चाळीस जणांत एकालाही ठाऊक नव्हतं.

आता गेटवर तुमच्या काकड्या तपासणाऱ्या त्या माणसाबद्दल. तो आमच्या विभागातलाच एक किरकोळ माणूस. पांढरा झगा, केसांना जाळी, दाढीला जाळी (दाढी नसली तरी लावावीच लागते), मास्क आणि वर मोठा चष्मा. अशा वेषात त्याला त्याच्या जन्मदात्या आईने ओळखलं नसतं, मग तुम्ही कुठून ओळखणार? आणि तुम्ही ओळखण्याचं काही कारणही नाही, कारण तुमचा त्याचा परिचयच नाही. मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. बिचारा माझ्या नजरेला नजर देत नव्हता. त्याच्याकडूनच मला सगळी हकिकत कळली. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आला होतात. क्रेटवर ओलं गोणपाट होतं. त्याने पहिली काकडी टेबलावर ठेवली, पट्टी आरपार. दुसरी, आरपार. तिसरीच्या खालून तर पट्टी धरलेला हातही गेला असता. तेव्हा तुम्ही म्हणालात, "अरे बाबा, ही खायची आहे, की हिने रेघ मारायची आहे?" त्याला हसू आलं होतं, पण मास्कमध्ये हसलं की चष्म्यावर वाफ धरते आणि मग आकडे दिसत नाहीत, म्हणून त्याने आवरलं. मागे दोन सुरक्षारक्षक आणि रंगवाल्या बाई उभ्या होत्या, हेही लक्षात घ्यावं. त्या बाईंसमोर एक काकडी सोडली, तर संध्याकाळी आमच्या विभागाचं काय होतं, हे तुम्हाला बाहेरून नाही कळायचं.

मग तुम्ही म्हणालात, "माझा भाचा आत मोठा साहेब आहे. त्याला बोलवा." त्यावर त्याने सांगितलं, की साहेब रजेवर आहेत. ते खरंच होतं. तुम्ही थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिलात म्हणे. मग 'बरं' म्हणालात, एक क्रेट उतरवून ठेवलात, "एवढा त्याच्या घरी द्या, त्याच्या आईला आवडतात," म्हणालात, गोणपाट पुन्हा झाकून त्याचे चारी कोपरे खोचलेत आणि टेम्पोत जाऊन बसलात. एक वाकडा शब्द बोलला नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो माणूस म्हणत होता. पुढे होऊन एक कोपरा तरी आपण खोचावा, असं तेव्हा त्याच्या मनात आलं. (त्याच्या. मी फक्त ऐकलं.) दुपारी त्याने डबासुद्धा उघडला नाही.

तो क्रेट घरी का पोचला नाही, असंही आईने काल फ्रिजला विचारलं. (तिला क्रेटचं कसं कळलं, हे कळायला मार्ग नाही.) झालं असं, की घरी नेला असता तर कोणी दिला, कधी दिला, तेव्हा तू कुठे होतास, अशी चौकशी सुरू झाली असती, आणि रजेवरचा माणूस कुठेही असू शकतो हे आईला पटवणं किती कठीण, ते तुम्ही तिचे भाऊ म्हणून जाणताच. टाकवेना, ठेववेना, म्हणून मी तो इमारतीबाहेरच्या कँटीनच्या काकूंना देऊन टाकला. आणि बुधवारी आली आमची सर्वांत मोठी गिऱ्हाईक बाई, दोनशे दुकानांची मालकीण. कंपनीच्या खऱ्या मोठ्या साहेबांनी तिला सगळं दाखवलं, अगदी प्लास्टिकच्या झाडाला पाणी घालणाऱ्या माणसासकट. मग जेवायला कँटीनमध्ये नेलं, आणि काकूंनी समोर तुमच्या काकड्यांच्या चकत्या ठेवल्या. चकती केली की काकडी मुळात सरळ होती की वाकडी, हे सांगता येत नाही. (ही गोष्ट आमच्या विभागात मोठ्याने बोलायची नाही, असा अलिखित नियम आहे.) बाईंनी एक खाल्ली. दुसरी खाल्ली. मग ताटली स्वतःकडे ओढली आणि ती रिकामी झाल्यावर विचारलं, "ही कुठली काकडी?"

त्यानंतर जे झालं ते बघण्यासारखं होतं. फोटोवाला म्हणाला, आम्ही पानांवर वेळीच लक्ष ठेवलं. ड्रोनवाला म्हणाला, वरून नजर होती. रंगवाल्या बाई म्हणाल्या, नववी छटा आम्ही आत येऊच देत नाही. स्नेहवाले चौघे एकदम म्हणाले, हे सगळं शेतकऱ्यांशी असलेल्या नात्याचं फळ आहे. पाकीटवाल्या बाईंनी तर तिथल्या तिथे 'आठवणीतली चव' असं लिहूनही काढलं. शेवटी काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "यांनी दिलेल्या क्रेटमधल्या आहेत." माझी पाचावर धारण बसली. पण नाकारायची सोय नव्हती, तेव्हा हे माझ्या खास देखरेखीखालचं वाण आहे, असं मी शांतपणे सांगितलं. साहेबांनी जागच्या जागी नवीन पद निर्माण केलं. सध्या मी चव अधिकारी आहे, प्रमुख. पहिल्याच दिवशी चवीच्या रकान्यात मी 'छान' असं लिहिलं, तर फॉर्म परत आला, आकडा हवा म्हणून. मी अठ्ठ्याऐंशी लिहिलं. मंजूर.

पदाचं कर्तव्य म्हणून आमची पास झालेली काकडीही पहिल्यांदाच खाऊन बघितली. ओला पुठ्ठा चावल्यासारखं वाटलं. तुमच्या मळ्यात वेलीवरून तोडून, चड्डीला पुसून खायचो, ती काकडी आठवली आणि एकदम फार वाईट वाटलं, मामा. सहा वर्षांत मी किती लोकांच्या किती चांगल्या काकड्या परत पाठवल्या असतील, याचा विचार मी पहिल्यांदाच केला. म्हणजे आमच्या विभागाने.

असो. गेटवरच्या त्या माणसाच्या वतीने मी मनापासून क्षमा मागतो. मामीला नमस्कार सांगावा, आणि फोन वाजला तर एकदा तरी उचलावा.

तुमचा लाडका (निदान मागच्या रविवारपर्यंत) भाचा

ता. क. : लिहायचं राहिलं. त्या बाईंना येत्या गुरुवारी नमुन्याला चाळीस क्रेट हवेत, त्याच चवीचे. नाही मिळाले तर चवही जाईल आणि चव अधिकारीही, असं मोठे साहेब हसत म्हणाले. ते हसून बोलले की मला जास्त भीती वाटते.

आणखी एक : फक्त जरा सरळ हव्यात. नियम काही बदललेला नाही. वेलीवर असतानाच एकेकीला खाली लहानसा खडा बांधून ठेवला तर? मामीला वेळ असेल तर.

शेवटचं : खड्यांचं जमलं नाही तर वाकड्याच आणा. तो मास्कवाला त्या दिवशी रजेवर असेल, हे मी स्वतः बघतो.

दादा, खाली जागा होती म्हणून मी लिहितेय. पाकिटावर पत्ता घालायला याने पत्र माझ्याकडे दिलं, आणि मी ते वाचलं. सोमवारी याची कसली रजा नव्हती. डबा मीच भरून दिला होता, तो संध्याकाळी तसाच परत आला. तू त्याच दिवशी फोनवर म्हणालास, की नेहमीसारखा डावा खांदा पाडून उभा होता, तेव्हा बघताक्षणीच ओळखलं, पण त्याच्या लोकांसमोर त्याची मान खाली जायला नको म्हणून गप्प बसलो. भाच्याला बोलवा म्हटलंस तेही त्याने आपणहून तोंड उघडावं म्हणूनच. हे त्याला सांगू नको म्हणाला होतास. मी आज सांगितलं. दोन तास मागच्या पायरीवर बसून होता. मग आत येऊन पत्र परत मागायला लागला, फाडून दुसरं लिहितो म्हणाला. मी म्हटलं, दुसरं नको, हेच घेऊन जा. तेव्हा हे पत्र पोस्टाने येत नाहीये, उद्या सकाळच्या गाडीने तोच घेऊन येतोय. काकड्यांचं काय करायचं ते तू ठरव, मी मध्ये पडत नाही. फक्त आधी त्याला समोर उभा करून हे सगळं मोठ्याने वाचायला लाव. आणि कंसातलं गाळू देऊ नकोस.